न पडलेला ब्रेकर

गोव्यात विजेच्या पॅनेलचं, म्हणजे ब्रेकर-स्विचांच्या कपाटाचं, वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि हिशेबाच्या एप्रिलमध्येही नाही. ते सुरू होतं मृगाबरोबर. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पॅनेल छपराखाली असतं, त्याच्यावर पाणी पडत नाही, म्हणून मालक निर्धास्त असतात. पण थेंबाची गरजच नसते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात. ते दारांच्या फटींतून आत शिरतात आणि इन्सुलेटरवर बसतात. कोरड्या दिवसांत ते तिथे गुपचूप पडून असतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मात्र साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता या आकड्याखाली फारशी येतच नाही. म्हणजे किनाऱ्यावरच्या थंड, बंद पॅनेलमध्ये एकही थेंब न शिरता बसबारच्या (वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांच्या) आधारांवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर महिनोन्‌महिने टिकून राहतो. त्यातून किंचित प्रवाह वाहतो, थर मध्येच कुठेतरी सुकतो, त्या सुकल्या पट्टीवर बारीक ठिणगी उडते आणि इन्सुलेटरवर कोळशाची रेघ उमटते. दसऱ्याला पॅनेल उघडलं तर ती केसाएवढी दिसते. पुढच्या दसऱ्याला ती लांब झालेली असते.

माझं घर फोंडा तालुक्यात, पण पॅनेल्स सगळीकडे: कुंडईच्या आणि वेर्ण्याच्या कारखान्यांत, कांदोळी-कळंगुटच्या हॉटेलांत, एखाद-दुसऱ्या देवस्थानात, आणि एके काळी डिचोली-सांखळीकडच्या खाणींवरही. खाणीवर मिठाऐवजी खनिजाची लाल धूळ. इतकी बारीक, की दाराचं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी रबरी पट्टी, नवं असतानाही आत सापडायची. कोरडी असताना ती नुसती घाण, ओली झाली की विजेला वाट. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, आणि कित्येक ठिकाणी पॅनेल्स आहेत त्या अवस्थेत बंद करून माणसं घरी गेली. रात्रंदिवस धूळ खात चालणारी पॅनेल्स तग धरून होती. बंद केलेली दोन-तीन पावसाळ्यांत गेली. चालू पॅनेल स्वतःच्या उष्णतेने स्वतःला सुकवत असतं, हे त्या वेळी जसं कळलं तसं कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं.

बाकी सगळी यंत्रं बोलतात. पंप आवाज बदलतो, मोटर गरम होते, कॉम्प्रेसर थरथरतो, आणि कुणीतरी येऊन सांगतं. बिघाड झाला की वीज तोडणारा ब्रेकर मात्र बोलत नाही. त्याचं काम वीज जोडलेल्या स्थितीत, म्हणजे आमच्या भाषेत ‘चढवलेला’, उभं राहणं. महिने नाही, वर्षं. आणि मग एखाद्या रात्री कुठेतरी केबल जळते, हजारो अँपिअर एकदम धावतात, आणि त्या क्षणी त्याने दोन-तीन सायकलच्या आत उघडायचं, म्हणजे ‘पडायचं’, असतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. इतकी वर्षं न हललेल्या यंत्राकडून आपण ही अपेक्षा ठेवतो, आणि ती पुरी होईल याचा पुरावा काय, तर तो आजवर पडलेला नाही!

आमच्याबरोबर एक जुने वायरमन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. एका कारखान्यातल्या मेन इनकमरकडे, म्हणजे मुख्य ब्रेकरकडे, बोट दाखवून मी विचारलं होतं, “मामा, हा शेवटचा कधी पाडला होता?”

“पाडायचा कशाला? चालू आहे ना तो.”

“पडेल का, वेळ आली तर?”

मामांनी ब्रेकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तसं विचारलंस तर देवालाच ठाऊक.”

उत्तर प्रामाणिक होतं. एअर सर्किट ब्रेकरच्या (एसीबीच्या) पोटात ताणलेल्या स्प्रिंगा असतात, त्यांना रोखून धरणारी लॅच असते, आणि ती सोडवणारी एक छोटी कॉइल. कॉइलचा जोर फार नसतो. लॅच सहज सुटेल हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. रोलर आणि पिनांवर कारखान्यातून ग्रीस भरून येतं. गोव्यातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ते वर्षानुवर्षं भाजतं, त्यातलं तेल उडून जातं, मागे साबणासारखा चिकट भाग राहतो, त्यात धूळ मिसळते. दहा वर्षं न उघडलेल्या कुलपात किल्ली फिरेल की नाही, अशातली ही गत. कधी ब्रेकर पडतो पण उशिरा, आणि तोवर वरचा हाय टेन्शनचा ब्रेकर पडून अर्ध्या वसाहतीची लाईट जाते. कधी पडतच नाही, आणि मग केबलच फ्यूजचं काम करते.

म्हणून ब्रेकरला व्यायाम हवा. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत वर्षातून निदान एक-दोनदा तो चालवून पाहा असं लिहिलेलं असतं. इथे मी दोनदाच म्हणतो, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस गेल्यावर. आणि नुसता हँडलने खालीवर करून नाही. हँडल वेगळ्या वाटेने काम करतं. रिले (बिघाड ओळखून ब्रेकरला पाडायला सांगणारं उपकरण), ट्रिप कॉइल, लॅच ही खरी वाट तपासायची तर रिलेमधून खोटा बिघाड देऊन, म्हणजे सेकंडरी इंजेक्शन करून, तो पाडायला हवा.

यातली एक गोष्ट मात्र फार थोड्या ठिकाणी पाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्या कामात तीच सर्वांत मोलाची आहे. शटडाऊन, म्हणजे कामासाठी वीज बंद ठेवायची वेळ, मिळाला की माणसं आधी ब्रेकर बाहेर ओढतात, पुसतात, चार-पाच वेळा चढवून-पाडून ‘मोकळा’ करतात, आणि मग वेळ मोजतात. वेळ छान येते. यायचीच! जी पहिली हालचाल सगळं सांगणार होती ती कुणी पाहिलीच नाही. बिघाडाच्या रात्री तुम्हाला पाचवी हालचाल मिळणार नसते, वर्षभराच्या झोपेतून उठलेली पहिलीच मिळणार असते. तेव्हा हात लावण्याआधी, धूळसुद्धा न पुसता, पहिल्यांदा पडायला किती वेळ लागला ते मोजायचं. पहिली वेळ लांब आणि पाचवी आखूड आली तर ग्रीस सुकलं आहे, दुसरं काही नाही. पुस्तकी अहवालात दोन्ही आकडे लिहायला जागाच नसते, म्हणून मी समासात लिहितो.

ग्रीसच्या बाबतीत आणखी एक. गंज सोडवणारा पातळ स्प्रे प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो, आणि अडकलेल्या यंत्रणेवर तो मारला की जादू झाल्यासारखी ती सुटते. तो स्प्रे उरलंसुरलं चांगलं ग्रीसही विरघळवतो आणि थोड्या दिवसांत स्वतः उडून जातो. मागे राहतात कोरडे धातू. जुनं पुसून, पुस्तिकेत सांगितलेलं नवं ग्रीस, सांगितलं असेल तेवढंच आणि तिथेच. कॉन्टॅक्टवर, म्हणजे वीज जोडणाऱ्या टोकांवर, तर अजिबात नाही.

मामांचा हात सगळ्यात आधी जातो तो पॉलिश पेपरकडे. कॉन्टॅक्ट काळे दिसले की ते घासून चकचकीत करायचे. यावर आमचे बरेच वाद झाले, पण त्यांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी काम शिकलं ते तांब्याच्या नाइफ स्विचवर. तांब्याचं ऑक्साइड वीज नीट वाहू देत नाही, म्हणून त्या काळी घासणं बरोबरच होतं. आजच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटरसारखा लोड चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचच्या) आणि ब्रेकरच्या टोकांवर चांदीचा मिश्रधातू असतो. चांदी काळी पडली तरी तिचं ऑक्साइड प्रवाह अडवत नाही. घासून आपण फक्त महागडी चांदी कमी करतो, आणि दोन पृष्ठभागांची एकमेकांशी जुळलेली बैठक बिघडवतो. काळे, खडबडीत, बारीक खड्डे पडलेले कॉन्टॅक्ट हे काम केलेले कॉन्टॅक्ट आहेत. बदलायचे ते कधी, तर चांदी झिजून खालचा धातू दिसू लागला, किंवा एक टोक दुसऱ्याला चिकटल्याची खूण दिसली तर. मामा आता पॉलिश पेपर पिशवीतून काढत नाहीत. पण पिशवीत तो असतोच.

कॉन्टॅक्टरची दुसरी तक्रार म्हणजे घूं घूं. इथे मात्र आवाज खरंच काहीतरी सांगतो. एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या, कॉइलचं चुंबकत्व सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतं, आणि त्या क्षणी आर्मेचर (चुंबकाने ओढून धरलेला भाग) सुटू नये म्हणून चुंबकाच्या तोंडावर तांब्याची एक छोटी शेडिंग रिंग बसवलेली असते. ती तुटली, किंवा तोंडांवर गंज आणि धूळ बसून ती एकमेकांना नीट टेकेनाशी झाली, की थरथर सुरू होते, कॉइल तापते, कॉन्टॅक्ट जळतात. किनाऱ्यावर बहुतेक वेळा गंजच असतो. मऊ कापडाने पुसायचं आणि तेलाचा हात राहू द्यायचा नाही, कारण तेलाने तोंडं चिकटतात आणि सप्लाय गेल्यावरही कॉन्टॅक्टर सुटत नाही. कधी आत मुंग्यांचं घर सापडतं. मुंग्यांना कॉन्टॅक्टरमध्ये काय गोड लागतं कोण जाणे! कुंभारमाशी हवेच्या जाळ्यांवर मातीचं घर बांधते, पाल रात्री उजेडाकडे येणाऱ्या किड्यांमागे आत शिरते आणि दोन फेजांमध्ये पूल होऊन मरते. यावर उपाय काही भारी नाही. केबल नेताना खालच्या ग्लँड प्लेटला पाडलेली आणि मग न वापरलेली भोकं बुजवायची. पावसाळ्यात ट्रेंचमध्ये पाणी भरलं की उंदीर आणि साप कोरडी जागा शोधत वर येतात, त्यांनाही तीच भोकं लागतात. रिकामी भोकं तशीच सोडणं हे आमच्या धंद्यातलं सर्वांत सामान्य पाप आहे.

आता सांध्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण पॅनेल जळतात त्यातली कितीतरी सांध्यांपासूनच जळतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ४०० अँपिअर वाहणारा चांगला सांधा १० मायक्रोओमचा असेल तर तिथे १.६ वॉट उष्णता तयार होते, हाताला जाणवणारही नाही. तोच सांधा सैल होऊन एक मिलिओमवर गेला तर १६० वॉट, आणि तेही रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. उष्णतेने धातू फुगतो, रात्री लोड उतरला की आकसतो, प्रत्येक फेरीत बोल्ट थोडा आणखी सैल होतो. शेजारच्या इन्सुलेशनचं आयुष्य, आमचा ढोबळ नियम असा की दर १० अंश वाढीला निम्मं.

गोव्यात जवळजवळ सगळीकडे अॅल्युमिनियमची आर्मर्ड केबल असते, साडेतीन कोअरची, आणि ब्रेकरचं टर्मिनल तांब्याचं. या दोन धातूंचं एकमेकांशी जमत नाही. मध्ये खारट ओल आली की अॅल्युमिनियम झिजू लागतं, आणि त्याच्यावरचं ऑक्साइड घासून काढलं तरी बघता बघता परत येतं. शिवाय दाबाखाली अॅल्युमिनियम हळूहळू पसरतं, म्हणजे आज घट्ट असलेला बोल्ट उद्या आपोआप सैल. बायमेटॅलिक, म्हणजे दोन धातूंचं, लग (केबलच्या टोकाला बसवायचा तुकडा) किंवा वॉशर, जॉइंटिंग कंपाउंडचा पातळ हात, आणि योग्य आकाराच्या डायने दाबलेलं लग, एवढ्याने काम भागतं. हातोडीने ठोकून चपटं केलेलं लग मी अजूनही पाहतो. ते पाहिलं की पुढचं काही बघायची इच्छा राहत नाही.

सैल सांध्याच्या भीतीने दुसरं टोक गाठणारेही आहेत. दर शटडाऊनला प्रत्येक बोल्ट पाना लावून ‘आणखी थोडा’ आवळायचा. दहा वेळा थोडा थोडा आवळलेला बोल्ट ताणून मऊ झालेला असतो, आणि प्लास्टिकचा आधार तडकलेला. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, आणा, पुस्तिकेतला आकडा लावा, एकदा आवळा, आणि बोल्टपासून पट्टीपर्यंत रंगाची रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ सरळ असेल तर पाना लावायचाच नाही. मामांना ही रेघ एकदम पटली. आता ते स्वतःच लाल रंगाची बाटली घेऊन फिरतात, आणि जिथे नको तिथेही ओढतात.

थर्मल कॅमेऱ्याने काम सोपं केलं आहे, पण त्याच्यावर आंधळा विश्वास टाकू नये. चकचकीत तांब्याची किंवा कथिल चढवलेली पट्टी स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, समोरच्या वस्तूंचीच उष्णता परावर्तित करते. कॅमेऱ्यात ती गार दिसते आणि प्रत्यक्षात रटरटत असते. शटडाऊनमध्ये अशा पट्टीवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवला की पुढे तिथलं तापमान खरं मिळतं. आणि लोड नसताना काढलेला फोटो म्हणजे कागद वाया. निदान ४० टक्के तरी लोड हवा, आणि आकडा एकट्या फेजचा नाही पाहायचा, शेजारच्या दोघींशी तुलना करायची. तिन्ही सारख्याच गरम असतील तर लोड जास्त आहे. एकच गरम असेल तर सांधा सैल आहे.

हॉटेलांचं दुखणं उलट्या मोसमातलं. मेअखेरीला किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, हॉटेलचे काही मजले बंद होतात, आणि पैसे वाचवायला त्या मजल्यांचे फिडरही (तिकडे जाणाऱ्या लाईनी) बंद केले जातात. लोड गेला, म्हणजे उष्णता गेली, म्हणजे ओल बसली. यासाठीच पॅनेलमध्ये स्पेस हीटर असतो: आतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-दोन अंश गरम राहिली तर दव धरत नाही. पण कित्येक पॅनेल्समध्ये हीटरचा सप्लाय त्याच पॅनेलच्या बसबारवरून घेतलेला असतो. मेन बंद केला की हीटरही बंद, नेमका गरजेच्या वेळी! हीटर वेगळ्या लाईनवर घ्यायला दोन-तीन तासांचं काम आहे, आणि मी हे दरवर्षी कुणा ना कुणाला सांगत असतो. एका ठिकाणी हीटरचा स्विच बंद सापडला. का, तर ‘आत गरम वाटतं’ म्हणून कुणीतरी बंद केला होता, आणि वर वातानुकूलित यंत्राचं तोंड पॅनेलकडे वळवलं होतं. पावसाळ्यात थंडगार पत्र्याच्या पॅनेलचं दार उघडल्यावर आत काय होतं ते उन्हाळ्यात फ्रीजमधून काढलेल्या बाटलीकडे पाहून कळतं.

मेगर, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, मी मेमध्ये आणि भर ऑगस्टमध्ये, अशी दोनदा घेतो. ५०० व्होल्टचा, आणि लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक रिले, सर्ज अरेस्टर (विजांच्या उसळीपासून वाचवणारं उपकरण) सोडवून. एक मेगओमच्या खाली आलं तर काम थांबवायचंच, पण खरा उपयोग दोन आकड्यांमधल्या फरकाचा. एखादा फिडर मेमध्ये शेकडो मेगओम आणि ऑगस्टमध्ये पाच दाखवत असेल, तर तो नापास नसला तरी त्याच्या वाटेत कुठेतरी पाणी आहे. सर्ज अरेस्टरच्या खिडकीतला हिरवा रंग लाल झाला आहे का, हे पाहायला मेगरही लागत नाही. वळवाच्या विजा होऊन गेल्या की फक्त दार उघडून पाहावं. कुणी पाहत नाही.

दसऱ्याआधीच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि कारखान्यात हत्यारांबरोबर पॅनेललाही झेंडूची माळ, हळद-कुंकू. मला हा दिवस आवडतो, आणि कारण अगदी स्वार्थी आहे: वर्षातला हा एकच शटडाऊन, ज्याला प्रॉडक्शन मॅनेजर विरोध करत नाही. आदल्या दिवशी आमचं काम होतं. व्हॅक्यूम क्लीनरने धूळ ओढायची, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, कारण उडवलेली धूळ ब्रेकरच्या पोटातच जाऊन बसते. पूजेला माझी हरकत एवढीच, की माळ हवेच्या जाळीवर नको आणि नारळ पॅनेलसमोरच्या रबरी मॅटवर फोडायला नको. एकदा तसा फोडलेला पाहून मामाच ओरडले होते.

कामाची सुरुवात कशी करायची यावर माझा कुणाशीच समझोता नाही. ब्रेकर बाहेर काढला, कुलूप लावलं, पाटी लटकवली. मग टेस्टर आधी चालू लाईनवर तपासायचा, नंतर आपल्या बसबारवर, नंतर पुन्हा चालू लाईनवर. मधल्या वेळी टेस्टर मेला असेल तर ‘वीज नाही’ हे त्याचं उत्तर खोटं असतं. आणि मग अर्थिंग करायचं, म्हणजे बसबार जमिनीला जोडायचे. गोव्यात कित्येक इमारतींना जनरेटर आहे, आता छपरांवर सोलर आहे. मेन बंद केला म्हणून पॅनेल मेलं असं समजायचे दिवस गेले.

घरातल्या बोर्डाबद्दल लोक विचारतात, तेव्हा मी एकच सांगतो: आरसीसीबीवरचं ‘टी’ लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबा. ३० मिलिअँपिअरची गळती दिसली की ती पडायला हवी; तिचीही लॅच तशीच, न हलता अडकणारी. पावसाळ्यात ती वारंवार पडते, आणि मग शेजारचा कुणीतरी जाणकार ती काढून सरळ वायर जोडून देतो. “आता त्रास नाही,” असं मला एका बाईंनी समाधानाने सांगितलं होतं. गीझरच्या पाणी तापवणाऱ्या एलिमेंटमध्ये पाणी शिरलं होतं. त्रास होता तो गीझरचा.

एप्रिलमध्ये हाच प्रकार एमसीबीचा, म्हणजे बोर्डातल्या छोट्या ब्रेकरचा. तिची मोजणी ३० अंश तापमानाला केलेली असते. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद डब्यात, पन्नासच्या वर तापमान जातं, तिथे ३२ अँपिअरची एमसीबी ३२ ची राहत नाही, आधीच पडते. मग ३२ काढून ४० बसवतात. एमसीबी पडायची थांबते, केबल मात्र तीच जुनी, आणि तिलाही तेवढीच उष्णता. रिलेच्या सेटिंगचा पेच पिळून ठेवणं हे त्याचंच मोठं भावंड. सेटिंग कुणी, कधी, का बदललं हे मी वहीत लिहून घेतो, आणि जुना आकडा खोडत नाही.

त्या वहीबद्दल बोलावंच लागेल. मोठ्या कंपन्यांत तक्ते असतात, प्रत्येक ओळीपुढे ‘ओके’. एका जागी तर ‘सगळें बरें आसा’ असं पूर्ण पानावर एकदाच तिरकं लिहिलं होतं. ते निदान मोकळेपणाने लिहिलेलं होतं. भारतीय मानक १०११८, त्याचा चौथा भाग, १९८२ चा, स्विचगियरच्या देखभालीवरच आहे. पण वाचणारे विरळा. मला वहीत आकडे हवेत: तिन्ही पोलांचा (ब्रेकरमधल्या एकेका फेजच्या वाटेचा) मायक्रोओममधला रोध, पहिली ट्रिप वेळ, मेगर, ऑपरेशन काउंटर. एकटा आकडा काही सांगत नाही. लाल आणि पिवळ्या पोलाचा तीस, निळ्याचा पासष्ट, असं दिसलं की तो ब्रेकर उघडायचा.

मोठा शॉर्ट होऊन गेल्यावर काय करायचं, यावर मालक नेहमी अडतात. ब्रेकर पडला, चढवला, चालू झाला, मग बघायचं काय? एमसीसीबीवर, म्हणजे बंद साच्यातल्या ब्रेकरवर, दोन तोड-क्षमता छापलेल्या असतात, एक अंतिम आणि एक सेवेतली. अंतिम क्षमतेच्या चाचणीत तो एकदा शॉर्ट तोडतो, थोड्या वेळाने शॉर्टवरच चढवून पुन्हा तोडतो, आणि त्यानंतर तो नेहमीचा प्रवाह नीट वाहील असं कुणी म्हटलेलं नसतं. सेवेच्या क्षमतेत आणखी एक फेरी असते आणि त्यानंतरही तो कामाचा राहायला हवा. स्वस्त ब्रेकरमध्ये सेवेतला आकडा अंतिमच्या निम्मा असू शकतो. खरेदीत फक्त मोठा आकडा बघितलेला असतो. तेव्हा टर्मिनलजवळ मोठा शॉर्ट झाला असेल तर एमसीसीबी बदला, एसीबी असेल तर आर्क शूट (ठिणगी विझवणारा भाग) काढून पट्ट्या पाहा, हे मी सांगतो. मालक किंमत विचारतात.

देवस्थानच्या पॅनेलवर मात्र वर्षभर लोडच नसतो. थोडे दिवे, पंखे, पाण्याचा पंप. पूर्ण लोड येतो तो जत्रेच्या रात्री: रोषणाई, फेरीतली दुकानं, लाऊडस्पीकर, पालखीच्या वाटेवरचे दिवे. म्हणून कॅमेरा घेऊन मी जत्रेलाच जातो, पालखी निघाल्यावर, दहाच्या सुमारास. गेल्या जत्रेला निळ्या फेजच्या इनकमिंग लगावर शेजारच्यांपेक्षा चाळीस अंश जास्त दिसले. शटडाऊन मागण्याची ती वेळ नव्हती. समितीच्या खजिनदारांना फोटो दाखवला. “काका, दुकानांचा अर्धा लोड जनरेटरवर टाकूया, एवढंच करायचं.” ते म्हणाले, “पडला नाही ना अजून?” मी म्हटलं, “सांधा तापला म्हणून हा पडणार नाहीच. त्याच्या दृष्टीने लोड मर्यादेतच आहे.” त्यांनी थोडा विचार केला, आणि जनरेटरवाल्याला हाक मारली. तासाभरात फरक पंधरावर आला.

जत्रा झाल्यावर दुसऱ्या सकाळी उघडलं. तांब्याच्या टर्मिनलवर सरळ अॅल्युमिनियमचं लग, मध्ये काही नाही, बोल्ट हाताने फिरत होता. तिन्ही लग बायमेटॅलिक बसवली, टॉर्क लावला, मामांनी रेघ ओढली. ब्रेकरही पाडून पाहिला: पहिली वेळ लांब, पाचवी ठीक. यंत्रणेची सफाई मे महिन्यात ठरली आहे. खजिनदार काकांनी तारीख कॅलेंडरवर लिहून घेतली आहे, आणि त्या दिवशी पंपासाठी जनरेटर कोण देणार हे अजून ठरायचं आहे.